सोयाबीनचा ओलावा आणि इंग्रजीचा बँड: परदेशी जाण्याआधीची परीक्षा नेमकं काय मोजते?

लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक सुरू झाली की ओलावा मोजायचं छोटं यंत्र दिवसभर या ढिगाकडून त्या ढिगाकडे फिरत असतं. मूठभर दाणे टाकायचे, झाकण लावायचं, आकडा वाचायचा. माल चांगला की वाईट हे यंत्र सांगत नाही. ओलावा किती, एवढंच सांगतं. घ्यायचा की परत पाठवायचा हे घेणाऱ्याच्या मर्यादेवर ठरतं. हमीभावाच्या केंद्रावर ही मर्यादा एरवी १२ टक्के असते. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांवर नेली आणि तोवर परत जाणारा १४ टक्क्यांचा माल घेण्याजोगा झाला. दाणे तेच, यंत्र तेच, मर्यादा तेवढी हलली.

परदेशी नोकरीसाठी किंवा स्थायिक व्हायला जाताना द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा हे असंच यंत्र आहे. फक्त इथं मर्यादा उलट्या बाजूनं हलली आहे. ब्रिटननं ८ जानेवारी २०२६ पासून कुशल कामगारांच्या व्हिसासाठी, म्हणजे ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसासाठी, पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांची इंग्रजीची अट एका पायरीनं वाढवली. ऑस्ट्रेलियानं मार्च २०२४ मध्ये विद्यार्थी व्हिसासाठी ‘आयल्ट्स’ या इंग्रजीच्या परीक्षेत लागणारा आकडा ५.५ वरून ६ वर नेला. मी लातुरात इंग्रजी शिकवतो. नर्सिंग झालेल्या मुली, पुण्यात कंपनीत लागलेली पोरं, कॅनडाचा विचार करणारी जोडपी येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सर, पास व्हायला किती लागतात?”

या परीक्षेत पास-नापास नसतंच. हे एकदा नीट कळलं की तयारीची निम्मी दिशा ठरते, म्हणून सुरुवात इथूनच करू.

## पायरी आणि बँड

युरोपात कुठलीही भाषा किती येते हे सांगायला सहा पायऱ्या ठरवलेल्या आहेत: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. पहिलीवर नाव-गाव, भाव-ताव जमतो. शेवटचीवर जवळपास सगळंच. आपल्याला बहुतेक वेळा काम पडतं ते बी१ आणि बी२ शी. बी१ असलेल्या माणसाला बँकेत जाऊन इंग्रजीतून खातं उघडता येतं. बँकेनं चुकून पैसे कापले, तर ते का परत द्यायला हवेत हे मॅनेजरला पटवून देता येणं म्हणजे बी२. ब्रिटननं अट बी१ वरून बी२ वर नेली, ती या दोन माणसांमधल्या फरकाएवढी.

आयल्ट्स या सगळ्यांत प्रसिद्ध परीक्षेत हीच गोष्ट ० ते ९ अशा बँडमध्ये मोजतात, अर्ध्या-अर्ध्या बँडनं. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, चारही स्वतंत्र मोजले जातात. ब्रिटनच्या त्या बदलाचं आयल्ट्समधलं रूप म्हणजे चारही भागांत ४ पुरत होते, तिथं आता ५.५ लागतात.

आणि निकाल दोनच वर्षं चालतो. म्हणून “आता देऊन ठेवतो, पुढं बघू” हे परवडत नाही.

## एकूण सात आले, तरी अर्ज अडला

माझ्याकडं येणारी एक सिस्टर. खासगी दवाखान्यात सहा वर्षं काम, रात्रपाळ्या करून अभ्यास केला. निकाल आला: ऐकणं ७.५, वाचणं ७, लिहिणं ६, बोलणं ७. बेरीज २७.५. चारानं भागलं की ६.८७५, आणि जवळच्या अर्ध्या बँडला नेलं की ७. घरी पेढे वाटले गेले.

ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलची अट मात्र अशी आहे: वाचणं, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लिहिण्यात ६.५. हिचं लिहिणं ६. एकूण ७ असून अर्ज पुढं सरकेना. आपल्याकडं दहावी-बारावीत टक्केवारी बघायची सवय हाडीमाशी भिनलेली, म्हणून डोळा आधी एकूण आकड्याकडं जातो. घेणारा मात्र चारही खाने एकेक करून बघतो.

तिला मी एवढंच दाखवलं की सगळं वाया गेलेलं नाही. ही कौन्सिल बारा महिन्यांच्या आतले दोन निकाल एकत्र धरते, म्हणजे एका निकालात कमी पडलेला भाग दुसऱ्यात भरून काढता येतो. अट एकच, दोन्ही निकालांत कुठलाही भाग ठरलेल्या आकड्याच्या अर्ध्या बँडपेक्षा जास्त खाली नको. तिचे ६ त्यात बसत होते. म्हणजे पुढच्या खेपेला लिहिण्यात ६.५ आणि बाकी तिन्हींत किमान ६.५ पुरेत.

म्हणून पहिलं काम पुस्तक आणण्याचं नाही. तुम्ही ज्यांच्याकडं अर्ज करणार त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरून चार आकडे कागदावर उतरवून घ्या. कॅनडाच्या कुशल कामगार योजनेत किमान अट आयल्ट्सच्या चारही भागांत ६ ची आहे, पण तिथं गुणांची स्पर्धा असल्यानं ६ वर थांबून चालत नाही. जर्मनीचं कुणी विचारलं तर मी आधीच सांगतो की तिथं नर्सला जर्मन भाषा लागते, इंग्रजीच्या क्लासला पैसे भरू नका.

## कोणती परीक्षा सोपी?

सोपी अशी नसते, तुम्हाला सोयीची असते. आयल्ट्सचे दोन प्रकार आहेत. ‘अकॅडेमिक’ शिक्षणासाठी आणि नर्स-डॉक्टरांच्या नोंदणीसाठी, ‘जनरल ट्रेनिंग’ मुख्यतः नोकरी आणि स्थलांतरासाठी. चुकीचा प्रकार भरला तर आकडा कितीही चांगला आला तरी उपयोग नाही. ब्रिटनच्या व्हिसासाठीचं बुकिंगही वेगळं असतं, ते ‘यूकेव्हीआय’ या नावानं भरायचं. पीटीई ही इंग्रजीची दुसरी परीक्षा पूर्ण संगणकावर असते आणि तपासतंही मुख्यतः यंत्रच. शेजारी दहा जण आपापल्या माइकमध्ये एकदम बोलत असताना तुम्हाला बोलावं लागतं. माणसासमोर घशाला कोरड पडणाऱ्यांना ती बरी वाटते, गोंगाटात सुचत नाही त्यांना अवघड.

नर्स, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट अशा बारा व्यवसायांसाठी ओईटी ही वेगळी परीक्षा आहे, आणि आमच्या भागातल्या सिस्टर लोकांना मी ती आवर्जून बघायला सांगतो. तिचे आकडे ० ते ५०० असतात. ब्रिटनच्या कौन्सिलला वाचणं, ऐकणं, बोलणं यांत ३५० आणि लिहिण्यात ३०० लागतात. विषय सगळे दवाखान्याचे. लिहिण्याच्या पेपरात पेशंटची केस-नोंद देतात आणि त्यावरून एक पत्र लिहायचं असतं, साधारण १८० ते २०० शब्दांचं. वेळ ४५ मिनिटं, त्यातली पहिली पाच फक्त वाचायची.

हे पत्र म्हणजे ड्यूटी बदलताना दिलेली ओव्हर. रात्रपाळीची सिस्टर सकाळी ओव्हर देताना पेशंटची सगळी कुंडली मांडत नाही. बेड चारच्या आजींना साखर आहे, काल रात्री ताप चढला, पाचला इंजेक्शन दिलं, आठला पुन्हा बघा, एवढं सांगते. आजींचं पंचवीस वर्षांपूर्वीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन फाइलमध्ये असतं, ओव्हरमध्ये नसतं. परीक्षेतल्या नोंदीतही असं अपेंडिक्स मुद्दाम घातलेलं असतं. ते पत्रात उतरवणारीचे गुण जातात, कारण पुढच्या माणसाला काय लागणार हे तिनं ओळखलं नाही. वर्षानुवर्षं ओव्हर देणारीला हे मुळात येतं. इंग्रजीत करायची सवय तेवढी लावायची असते.

## “मी मराठी मीडियमची, मला जमेल का?”

हा प्रश्न विचारताना आवाज खाली जातो, आणि दर वेळी मला वाईट वाटतं. जमतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्यांना जमलेलं मी पाहिलं आहे. मात्र मराठी माणसाच्या इंग्रजीत चुका कुठं होतात त्या जागा ठरलेल्या आहेत. त्या ओळखून दुरुस्त केल्या तर बँड हलतो, नुसती जाड पुस्तकं वाचून नाही.

पहिली जागा ‘ए’ आणि ‘द’. मराठीत हे शब्दच नाहीत अशी समजूत आहे. पण लहानपणीची कहाणी आठवा: आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या. पहिल्या खेपेला ‘एक राजा’, ओळख झाल्यावर ‘त्या राजाला’. इंग्रजीतला ‘ए किंग’ आणि ‘द किंग’ हाच. फरक इतकाच की मराठीत आपण “बाजारात पिशवी विसरलो” म्हणून मोकळे होतो. इंग्रजी माणूस कुठली पिशवी, ओळखीची की कुठलीतरी एक, हे सांगितल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. सगळे बारकावे या एका युक्तीत बसत नाहीत, पण रोजच्या चुकांचा मोठा भाग तिथंच पकडला जातो.

दुसरी जागा आपला ‘आहे’. “मला दोन भाऊ आहेत”, “मला माहीत आहे”. वाक्याच्या शेवटी ‘आहे’ दिसला की जीभ ‘ॲम’ आणि ‘आयएनजी’ शोधते आणि “आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स”, “आय ॲम नोइंग” तयार होतं. ज्या गोष्टी घडत नसतात, नुसत्या असतात, म्हणजे माहीत असणं, आवडणं, मालकीचं असणं, तिथं इंग्रजीत ‘आयएनजी’ लावत नाहीत.

तिसरी जागा कानाची. मराठी आपण अक्षरामागं अक्षर सारख्या वजनानं बोलतो. इंग्रजीत शब्दातल्या एकाच भागावर जोर असतो आणि बाकीचे भाग गिळले जातात. ‘व्हेजिटेबल’ आपण पाठ केलेलं असतं, ऐकू येतं ‘व्हेज्टबल’. ‘फोटोग्राफ’मधला जोर सुरुवातीला, ‘फटॉग्रफर’मधला दुसऱ्या भागावर. ऐकण्याच्या पेपरात खोलीचा नंबर थर्टी की थर्टीन हे आकड्यावरून नाही, जोर पुढं आहे की मागं यावरून ओळखायचं असतं. फोन नंबरात शून्याला ‘ओ’ म्हणतात. रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. म्हणून रोज वीस मिनिटं ऐका, पण ऐकून सोडून देऊ नका. एक मिनिटाचा तुकडा घ्या, थांबवत थांबवत शब्दन् शब्द वहीत उतरवा, मग मूळ मजकुराशी ताडून बघा. जिथं रिकामी जागा राहिली तिथं तुमचा कान अडतो आहे.

## नाथसागर ठाऊक असणाऱ्याची चूक

वाचण्याच्या पेपरात एक प्रश्नप्रकार हुशार मुलांनाही रडवतो. एक विधान देतात आणि उताऱ्यानुसार ते खरं, खोटं की ‘दिलेलं नाही’ हे सांगायचं. समजा उतारा असा आहे:

“पैठणजवळ गोदावरी नदीवर जायकवाडी धरण आहे. त्याचं काम १९६५ मध्ये सुरू झालं.”

विधान एक: जायकवाडी गोदावरीवर आहे. खरं. विधान दोन: जायकवाडी मांजरा नदीवर आहे. खोटं, कारण उतारा त्याच्या विरुद्ध सांगतो. विधान तीन: या धरणाच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात.

वर्गात हे फळ्यावर लिहिलं की सगळे हात वर करून “खरं” म्हणतात. आपल्याला ठाऊक आहे ना! पण उताऱ्यात नाथसागराचा शब्दही नाही. उत्तर: ‘दिलेलं नाही’. परीक्षा तुमचं ज्ञान विचारत नाही, समोरच्या कागदावर काय आहे ते विचारते. एखादा करार, औषधाची सूचना किंवा मशीनचं पुस्तक वाचताना नेमकी हीच शिस्त लागते.

वेळेचंही बघा. अकॅडेमिकमध्ये तीन मोठे उतारे, ४० प्रश्न, ६० मिनिटं. साधारण २३ बरोबर आले की बँड ६, ३० आले की ७. जनरल ट्रेनिंगमध्ये उतारे तुलनेनं सोपे, म्हणून तिथं ६ साठीच ३० लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा रिकामी जागा ठेवायचं कारण नाही. “सर, मी वाचायले, पण वेळच पुरंना” म्हणणारीला मी आधी प्रश्न वाचायला लावतो, मग उतारा.

## पाठ करून गेलं तर?

लातूर पॅटर्नच्या गावात हा प्रश्न येणारच. या पॅटर्नची एक बाजू अशी की चाचण्यांवर चाचण्या द्यायच्या आणि प्रत्येक चूक मुळापर्यंत शोधायची. ती इथं सोन्यासारखी उपयोगी आहे. दुसरी बाजू, तयार उत्तरं घोकायची, इथं नुकसान करते. पाठ केलेली भाषा परीक्षक मोजणीत धरत नाही, आणि अख्खं उत्तरच घोकलेलं दिसलं तर बँड तळाला जातो.

बोलण्याच्या परीक्षेत काय होतं ते सांगतो. ११ ते १४ मिनिटं, तीन भाग. दुसऱ्या भागात एक विषय देतात, एक मिनिट विचाराला आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायला. ‘पाहिलेलं ठिकाण’ म्हणून वेरूळचं कैलास लेणं पाठ करून गेलेला मुलगा धडधड बोलतो. तिसऱ्या भागात परीक्षक विचारतो: अशा ठिकाणी परदेशी पर्यटकांकडून जास्त तिकीट घेणं योग्य आहे का? तिथं पाठांतर संपतं. दोन मिनिटांपूर्वी फाडफाड बोलणाऱ्याला साधं वाक्य जुळवता येईना, हा फरक समोरच्याला लगेच दिसतो.

लिहिण्यातही “आजच्या आधुनिक युगात” छापाची सुरुवात आणि मध्येच सुविचार, हे शाळेतल्या निबंधाचं वळण सोडावं लागतं. आयल्ट्समधला दुसरा लेख किमान २५० शब्दांचा असतो आणि त्याला पहिल्याच्या दुप्पट वजन. तिथं पहिल्या परिच्छेदातच तुमचं मत सरळ लिहा, मग कारण, मग आपल्या अनुभवातलं उदाहरण. पाण्याच्या टंचाईवर लिहायचं असेल तर २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे एक वाक्य दहा सुविचारांपेक्षा जड आहे.

## उच्चार गावाकडचे असले तर?

असू द्या. गोऱ्या माणसासारखं बोलण्याला गुण नाहीत. ऐकणाऱ्याला ताण न पडता कळतं का, हे बघतात. ‘स्कूल’चं ‘इस्कूल’ होत असेल, ‘व्ह’ आणि ‘व’ एक होत असतील तर तेवढं घासून घ्या. त्याहून जास्त नुकसान करतं ते वाक्य मनात मराठीत तयार करून मग बोलणं, कारण त्यानं मध्ये लांब शांतता पडते. उपाय हातातल्या मोबाइलमध्ये आहे. रोज दोन मिनिटं एका विषयावर बोलून रेकॉर्ड करा, स्वतःच ऐका, लगेच त्याच विषयावर पुन्हा बोला. दुसरं रेकॉर्डिंग पहिल्यापेक्षा हमखास बरं असतं.

## किती दिवस लागतील?

एका पायरीवरून वरच्या पायरीवर जायला साधारण दोनशे तासांचा मार्गदर्शित अभ्यास, असा केंब्रिजचा ढोबळ अंदाज आहे. रोज दोन तास धरले तर शंभर दिवस. “पंधरा दिवसांत सात बँड” ही पाटी ज्याला आधीच साडेसहा येतात त्याच्यापुरतीच खरी ठरू शकते. आयल्ट्सची फी २०२५ मध्ये सतरा-अठरा हजारांच्या घरात होती. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावानं साडेतीन क्विंटलच्या आसपास सोयाबीन. घरच्यांचे एवढे पैसे नशीब आजमावायला भरू नका. वेळ लावून दिलेल्या तीन सराव परीक्षांत सलग हवा तो आकडा आला, की मगच तारीख घ्या. संगणकावर देणार असाल तर टायपिंगचा सराव आधीपासून करा. विचार सुचतात आणि बोटं चालत नाहीत, असं होऊन गेलेले गुण फार जिव्हारी लागतात.

त्या सिस्टरनं चार महिने फक्त लिहिण्यावर भर दिला. रात्रपाळीत दोन ते चारच्या दरम्यान वॉर्ड शांत असायचा तेव्हा एक परिच्छेद लिहायची, सकाळी फोटो पाठवायची. चुकांची वही केली होती. पहिल्या महिन्यात पानभर ‘द’च्या चुका होत्या, चौथ्यात दोन-तीन. दुसऱ्या खेपेला लिहिण्यात ६.५ आले. बाकी तिन्ही भाग ७ च्या खाली गेले नाहीत.

## परीक्षेशिवाय पाठवतो म्हणणारा एजंट

त्याला पैसे देऊ नका. निकाल खरा आहे का हे परदेशातली संस्था परीक्षा घेणाऱ्यांकडून थेट ऑनलाइन पडताळते. बनावट निकालपत्र पकडलं गेलं की व्हिसा तर जातोच, पुढच्या अर्जांवरही डाग राहतो. ब्रिटनमध्ये केअर वर्कर म्हणून पाठवतो, इंग्रजीचं आम्ही बघून घेऊ, असं अजूनही सांगितलं जातं. परदेशातून नवे केअर वर्कर भरती करण्याचा तो मार्ग ब्रिटननं २२ जुलै २०२५ पासून बंद केला आहे. जमीन गहाण ठेवून पैसे भरण्याआधी एवढी एक तारीख घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

परीक्षेला ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्टच चालतो, आधार नाही. बुकिंगमधलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. आपल्याकडं वडिलांचं नाव कधी मध्ये असतं, कधी नसतं, त्यानं घोळ होतो. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावानं आणि पासपोर्ट सासरच्या नावानं असतो, तो गुंता परीक्षेची फी भरण्याआधी सोडवून घ्या. केंद्र दुसऱ्या शहरात असेल तर आदल्या दिवशीच पोचा. रात्रभर एसटीत बसून सकाळी थेट ऐकण्याचा पेपर देऊ नका.